वारसा आणि प्राथमिक शाळा : उज्जैन ते मेक्सिको



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्यांनी आयुष्यभर लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकविले. म्हणून आजच्या विवेचनासाठी प्राथमिक शाळेचाच विषय घेतला आहे. एखाद्या समाजाने आपला वारसा शाळेत साजरा करावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. उज्जैनच्या मराठी माणसाला तो परका नाही. गणेशोत्सव येतो, शिवजयंती येते. मुली नऊवारी नेसतात, मुलगे फेटे बांधतात, पालक कौतुकाने टाळ्या वाजवितात. समारंभ संपला की फेटे पेटीत जातात. वारसाही त्यांच्याबरोबर पेटीत जातो की काय, एवढेच आज तपासून पाहावयाचे आहे.

ह्याच प्रश्नाचे एक दूरचे उदाहरण प्रथम घेऊ. अमेरिकेतील शाळांत दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ स्पॅनिश वारशाचा महिना म्हणून पाळला जातो. १५ सप्टेंबर हा मध्य अमेरिकेतील पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आणि १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा. १८१० मध्ये ह्याच दिवशी हिदाल्गो नावाच्या पाद्रीने डोलोरेस गावी बंडाची हाक दिली. हा उत्सव १९६८ मध्ये एका आठवड्याचा म्हणून सुरू झाला आणि १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. चिमुकली मुले रंगीत कागदाच्या पताका कापतात, गाणी म्हणतात, नाच करतात.

ह्या पताकांमागचा इतिहास मात्र कडू आहे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला. तेथील हजारो कुटुंबे आपल्या उंबरठ्याच्या आतच होती. सीमा तेवढी त्यांच्यावरून सरकली. पुढे त्यांची मुले वेगळ्या, निकृष्ट शाळांत बसविली गेली. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. कॅलिफोर्नियातील मेंडेझ कुटुंबाने ह्या भेदाविरुद्ध दावा लावला आणि १९४७ मध्ये वरिष्ठ न्यायालयात तो जिंकला. १९६८ मध्ये वारशाच्या आठवड्याबरोबरच द्वैभाषिक शिक्षणाचाही कायदा झाला. पण ह्या दोन भावंडांचे नशीब निराळे निघाले. उत्सव वाढत गेला. भाषेवर मात्र १९९८ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाने सार्वमताने बंधन घातले आणि ते उठविण्यास २०१६ साल उजाडावे लागले. नाचाला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती मुलाने आपल्या आईच्या भाषेत गणित समजून घेण्याला.

येथवरची कथा अन्यायाची आहे आणि सहानुभूती सहज वाटते. परंतु इतिहासाचे पान उलटले की चित्र बदलते. ही स्पॅनिश तरी मेक्सिकोच्या मातीतली कोठे होती? १५२१ मध्ये कोर्तेसने आझ्टेकांची राजधानी जिंकली, तेव्हा ती तरवारीबरोबर आली. १९१० च्या क्रांतीनंतर खेड्यापाड्यांत हजारो शाळा निघाल्या; मोठे लोकोपयोगी काम झाले. पण त्या शाळांत नाहुआत्ल किंवा माया बोलणाऱ्या मुलांना स्पॅनिश शिकवून 'राष्ट्रीय' करण्याचा आग्रह धरला गेला. टेक्सासात जी भाषा मार खात होती, तीच ओआहाकाच्या डोंगरात मार देत होती. मेक्सिकोने मूलनिवासींच्या भाषांना राष्ट्रीय भाषांचा कायदेशीर दर्जा दिला तो २००३ मध्ये.

आता आपल्या गावाकडे वळू. आपणही ह्या मातीत तरवारीबरोबरच आलो. १७२८ मध्ये चिमाजीअप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत माळव्याच्या मोगल सुभेदाराचा पराभव केला. १७३२ च्या सुमारास माळव्याची वाटणी होऊन उज्जैन राणोजी शिंद्यांकडे आले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी महाकालाचे देवालय पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी बायजाबाईंनी येथे गोपाळमंदिर बांधविले. ह्या गोष्टींचा अभिमान जरूर असावा. पण चौथाईचा भार ज्याच्या शेतावर पडला, तो शेतकरी माळवी बोलत होता, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. माळवीला आजही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. म्हणजे येथील मराठी माणूस एका बाजूने मेक्सिकन अमेरिकनासारखा अल्पसंख्य आहे आणि दुसऱ्या बाजूने स्पॅनिशासारखा एकेकाळचा राज्यकर्ता. दोन्ही बाजू सांगितल्याखेरीज त्याचा वारसा पुरा होत नाही.

अल्पसंख्यतेची तारीख आपल्याला नेमकी सांगता येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात विलीन झाला आणि विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. संस्थानी काळात मराठीला जो आधार होता तो आधीच ओसरला होता. आता मराठी भाषकांचे संख्याबळही पांगले. योगायोग असा की, त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. ज्या दिवशी आपण अल्पसंख्य झालो, त्याच दिवशी आपल्या मुलांचा हक्क लिहिला गेला. तो हक्क आपण किती मागितला? सरकारने तो हिरावून घेण्यापूर्वीच आपण तो सोडून दिला, असे मला खेदाने म्हणावेसे वाटते. मराठी वर्ग ओस पडले ते बऱ्याच अंशी आपल्या मुलांनी दुसऱ्या वर्गाची वाट धरल्यामुळे. उत्सवाची वर्गणी मात्र कधी चुकली नाही.

आईची भाषा राखल्याने मूल मागे पडते, हे भय निराधार आहे. ह्याची साक्ष उज्जैनमध्ये वाढलेल्या एका घराने दिली आहे. मुक्तिबोधांच्या त्या मराठी घरातील थोरले गजानन माधव हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे मान्यवर कवी, कादंबरीकार व समीक्षक झाले. एकाच ओसरीवरून दोन वाङ्मयांना दोन दिवे मिळाले. गजानन माधवांनी ह्याच माळव्यात शाळामास्तरकी केली होती, हे शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावे.

वारसा जपणारा माणूस कूपमंडूक होतो, हेही खरे नव्हे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतील क्रांतिकारक. इंग्रज सरकारने मायदेशाचे दार बंद केलेले असताना ते १९२४ मध्ये मेक्सिकोस पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले आणि १९२८ पासून गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. त्या देशाच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने रंगविलेल्या चित्रात भाकरी वाटून देणारा पुरुष खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात निवर्तले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परक्या मुलखात त्यांनी आपला फेटा मिरविला नाही. तेथल्या मातीचे पीक शिकून घेतले आणि तेथल्याच लोकांना परत दिले.

आणि ते पीक तरी परके कोठे राहिले आहे? मका मूळचा मेक्सिकोचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो घडविला. आज भुट्ट्याचा कीस ही माळव्याची ओळख आहे. पाचवीच्या मुलाला एक कणीस हाती देऊन एवढा सारा इतिहास सांगता येईल.

शाळेच्या चालकांना माझ्या तीन सूचना आहेत. वर्षातला एक दिवस वारशाचा ठेवण्याऐवजी आठवड्याचा एक तास मराठी वाचन-लेखनाचा ठेवावा. तो सर्व मुलांसाठी खुला असावा. घरच्या आजीकडून ओव्या, म्हणी, पाककृती मुलांनी स्वतःच्या हाताने लिहून आणाव्यात. आणि पितृपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, तेव्हा आपल्या मुलींनी त्यांच्याबरोबर ती मांडावी आणि त्यांना भुलाबाईची गाणी शिकवावीत. दोन्हींचे नाते मुली आपोआप ओळखतील. त्यासाठी माझ्यासारख्या प्राध्यापकाची गरज पडणार नाही.

फेटा बांधायला दहा मिनिटे लागतात. भाषा बांधायला एक बालपण लागते. ते बालपण ह्या शाळेच्या हाती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो, त्यांनी ते जबाबदारीने हाताळले. पुढील वर्षी मराठीच्या तासाला किती मुले बसली, हे संस्थेने ह्याच व्यासपीठावरून सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.