चिंतामापन प्रश्नावलींची वाटचाल : सैन्यभरतीपासून उपचारकक्षापर्यंत

प्रस्तावना

मानसोपचारासाठी आलेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्याच भेटीत छापील प्रश्नावली देणे, ही पद्धत आज अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. महाविद्यालयीन समुपदेशनात आणि संशोधन प्रबंधांतही चिंतामापनाच्या श्रेणी सर्रास वापरल्या जातात. तथापि यांपैकी प्रत्येक साधन विशिष्ट काळी, विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घडले. तो मूळ प्रश्न विस्मृतीत गेला की प्राप्तांकाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता वाढते. प्रस्तुत लेखात या साधनांचा ऐतिहासिक आढावा घेऊन उपचारातील त्यांचे स्थान स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

निवड आणि प्रयोग

स्व-निवेदन प्रश्नावलीचा उगम रुग्णालयात नव्हे, तर सैन्यभरतीत झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी युद्धाच्या मानसिक आघाताला बळी पडू शकणारे सैनिक आधीच ओळखता यावेत, यासाठी 116 प्रश्नांचे माहितीपत्रक तयार केले. उत्तरे केवळ ‘होय’ वा ‘नाही’ अशी होती. 1918 मध्ये युद्ध संपल्यामुळे भरतीसाठी त्याचा व्यापक वापर झाला नाही. पण पुढील अनेक व्यक्तिमत्त्व शोधिकांचा पाया त्याने घातला.

1953 मध्ये जेनेट टेलर यांची 50 विधानांची प्रकट चिंता श्रेणी प्रसिद्ध झाली. तिची विधाने मिनेसोटा बहुअवस्था व्यक्तिमत्त्व शोधिकेतून निवडलेली होती. अध्ययन व प्रेरणाविषयक प्रयोगांसाठी अधिक आणि कमी चिंता असणारे प्रयुक्त वेगळे करणे, हा तिचा मूळ हेतू होता. रोगनिदान हा तिचा हेतू नव्हता.

उपचारकक्षात प्रवेश

1959 मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी 14 घटकांची पदनिश्चयन श्रेणी मांडली. प्रत्येक घटकास 0 ते 4 गुण, म्हणजे कमाल 56 गुण होतात. येथे गुण रुग्ण देत नाही. मुलाखतीनंतर चिकित्सक देतो. शिवाय ही श्रेणी चिंताविकाराचे निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी होती. विकार आहे की नाही हे नव्हे, तर तो किती तीव्र आहे, हे ती सांगते.

चार्ल्स स्पीलबर्गर व सहकाऱ्यांनी 1970 मध्ये एक मूलभूत भेद साधनात उतरवला. ‘या क्षणी कसे वाटते’ यासाठी 20 आणि ‘सर्वसाधारणपणे कसे वाटते’ यासाठी 20 विधाने त्यांनी दिली. परीक्षेच्या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची चिंता आणि त्याच्या स्वभावातील चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे मोजता येऊ लागले.

आरॉन बेक व सहकाऱ्यांची 21 घटकांची शोधिका 1988 मध्ये प्रसिद्ध झाली. चिंता आणि नैराश्य यांची सरमिसळ टाळण्यासाठी तिच्यात छातीतील धडधड, थरथर, बधिरता अशा शारीरिक लक्षणांना मोठे स्थान मिळाले. परिणामी, जिची चिंता मुख्यत्वे अविरत विचारांत असते, अशा व्यक्तीची पीडा या प्राप्तांकात पूर्णपणे उमटेलच असे नाही.

सात प्रश्न आणि एक सीमारेषा

2006 मध्ये रॉबर्ट स्पिट्झर व सहकाऱ्यांनी सात प्रश्नांची श्रेणी प्रसिद्ध केली. ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते व कमाल 21 गुण देते. मूळ अभ्यासात 10 ही सीमा धरल्यास व्यापक चिंताविकार असलेल्यांपैकी 89 टक्के ओळखले गेले, आणि विकार नसलेल्यांपैकी 82 टक्के योग्य रीतीने वगळले गेले. हे आकडे आश्वासक आहेत. परंतु समजा, 1000 विद्यार्थ्यांना ही श्रेणी दिली आणि त्यांतील 50 जणांना खरोखर विकार आहे. याच प्रमाणाने सुमारे 45 जण अचूक ओळखले जातील. मात्र उरलेल्या 950 पैकी 171 जणही सीमारेषेच्या वर येतील. म्हणजे ‘चिंताग्रस्त’ ठरलेल्या पाचांपैकी सुमारे चौघांना तो विकार नसेल. मुलाखतीविना चिकटवलेले असे लेबल विद्यार्थ्याच्या मनात दीर्घकाळ घर करू शकते.

इंग्लंडमध्ये 2008 पासून सुरू झालेल्या सार्वजनिक मानसोपचार कार्यक्रमात हीच श्रेणी प्रत्येक भेटीत भरून घेतली जाऊ लागली. तेथे सीमारेषा 8 गुणांची ठरवण्यात आली. एकाच साधनाच्या दोन सीमारेषा असू शकतात, यावरून सीमा ही निसर्गदत्त नसून उद्दिष्टानुसार ठरवलेली असते, हे दिसते. प्रत्येक भेटीतील नोंदीमुळे सुधारणा होत नसल्याचे वेळीच लक्षात येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

भाषेचा प्रश्न

भारतीय विद्यापीठांत सिन्हा यांच्या चिंता चाचण्या परिचित आहेत, तसेच पाश्चात्त्य साधनांची भाषांतरेही वापरली जातात. येथे शब्दांची निवड निर्णायक ठरते. मराठीत ‘काळजी वाटणे’ ही तक्रार आहे, तर ‘काळजी घेणे’ हे कर्तव्य आणि माया आहे. ‘आपण फार काळजी करता का?’ या प्रश्नाला एखादी माता अभिमानाने होकार देईल. ‘जीव घाबरा होणे’, ‘धास्ती घेणे’, ‘मनाला घोर लागणे’ या अनुभवांच्या छटाही परस्परांहून भिन्न आहेत. म्हणून शब्दशः भाषांतर पुरेसे नाही. स्थानिक भाषिकांवर विश्वसनीयता व सप्रमाणता तपासून प्रमाणके निश्चित करणे आवश्यक आहे.

समारोप

वुडवर्थ यांना निवड करावयाची होती, टेलर यांना प्रयोग, हॅमिल्टन यांना तीव्रतेचे मापन आणि स्पिट्झर यांना प्राथमिक चाळणी. साधन निवडताना उपचारकाने व संशोधकाने प्रथम स्वतःचा प्रश्न निश्चित करावा आणि मगच प्रश्नावली हाती घ्यावी. प्राप्तांक हा निदानाचा निवाडा नव्हे. प्राप्तांक वाढला वा घटला, तर ‘या आठवड्यात काय घडले?’ असे विचारण्याची ती एक संधी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही छापील रकान्यात मिळत नाही. ते समोर बसलेल्या व्यक्तीकडूनच ऐकावे लागते.