संगणकाची निगा: कोणती सवय कुठून आली?

आजचा विषय रणांगणावरचा नाही, तुमच्या घरातल्या टेबलावरचा आहे. पण आहे इतिहासाचाच.

लष्करात गाडी निघण्याआधी ‘फर्स्ट परेड’ होते. ड्रायव्हर तेल, पाणी, हवा, बॅटरी बघतो आणि मगच गाडी हलते. परत आल्यावर ‘लास्ट परेड’. यादीतल्या प्रत्येक कामामागे कारण असतं, आणि गाडीची जात बदलली की यादीही बदलते. घरच्या संगणकाचं तसं होत नाही. यंत्र तीनदा बदललं तरी यादी जुनीच चालू राहते. निवृत्तीनंतर माझ्या ओळखीतले लोक मला विचारतात, “साहेब, कम्प्युटर फार हळू चालतोय, डीफ्रॅग करू का? क्लीनर टाकू का?” याचं उत्तर द्यायचं तर ही कामं मुळात का सुरू झाली, ते बघावं लागतं.

सुरुवात करू एनिॲकपासून. १९४६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे यंत्र जगासमोर आलं. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा जायचे ते यंत्र चालू-बंद करताना, म्हणजे तापताना आणि थंड होताना. म्हणून अभियंत्यांनी यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरवलं. पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्डच्या मार्क-२ यंत्राच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवून ठेवला गेला. ‘बग’ हा शब्द अभियंत्यांमध्ये त्याआधीपासून होता, पण मला महत्त्वाचं वाटतं ते लॉगबुक. बिघाड झाला, की तारीख आणि वेळ घालून नोंद. देखभालीची खरी सुरुवात तिथे होते.

आता भारतात येऊ. १९७५ साली केंद्र सरकारने एक कंपनी काढली, तिचं नावच ‘कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएमने १९७८ साली इथला गाशा गुंडाळला, आणि देशभर पसरलेली त्यांची यंत्रं सांभाळण्याची जबाबदारी या कंपनीवर आली. विचार करा, यंत्र बनवणारा निघून गेलाय आणि ते चालू तर ठेवायचंय. आपल्या देशातल्या एका पिढीच्या अभियंत्यांनी संगणक शिकला तो असा, दुरुस्त करता करता. रेल्वे आरक्षणाची संगणक प्रणाली पुढे याच कंपनीने उभी केली.

त्या काळातली संगणकाची खोली तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. चपला-बूट बाहेर, जाड पडदे, एसी चालू. राजस्थानात पोस्टिंग असताना आम्ही गमतीने म्हणायचो, की मुख्यालयात सगळ्यात वरचा हुद्दा संगणकाचा, कारण एसी त्याच्याच खोलीत आहे. पण त्यामागे अंधश्रद्धा नव्हती. धूळ पंख्यावर आणि पात्यांवर बसते, हवा अडते, उष्णता आत कोंडते. हे कारण एनिॲकला लागू होतं आणि आजच्या लॅपटॉपलाही लागू आहे. जैसलमेरची रेती असो की इंदूरच्या रस्त्यावरचा धुरळा, धूळ ती धूळ. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. “कम्प्युटर म्हातारा झालाय” असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याचा फक्त श्वास कोंडलेला असतो.

मग संगणक घरात आला. आयबीएमचा पीसी १९८१चा, आणि १९८३च्या ‘एक्सटी’ मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. या डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर एक बारीक हेड अधांतरी तरंगतं. जुन्या डिस्क असलेला संगणक हलवण्याआधी ‘पार्क’ची आज्ञा देऊन ते हेड सुरक्षित जागी न्यावं लागे, नाहीतर धक्क्याने ते तबकडीवर घासायचं. पुढच्या डिस्क हे काम आपोआप करू लागल्या आणि ती सवय विसरली गेली.

डीफ्रॅगचं मूळही तबकडीतच आहे. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये एकाच कंपनीचे बूट जिथे रिकामा खण दिसला तिथे ठेवले, तर वाटपाच्या वेळी स्टोअरमन धावून धावून दमेल. डॉसच्या फाइल प्रणालीत नेमकं हेच व्हायचं. एका फाइलचे तुकडे डिस्कभर पसरायचे आणि ते गोळा करायला हेडला धावावं लागायचं. म्हणून १९९३च्या एमएस-डॉस ६ मध्ये डीफ्रॅगचा प्रोग्राम सोबतच आला. दर महिन्याला डीफ्रॅग करणं तेव्हा शहाणपणाचं होतं. पण २००७च्या विंडोज व्हिस्टापासून हे काम संगणक ठरलेल्या वेळी स्वतःच करू लागला. त्यानंतर एसएसडी आली. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, धावायला कुणी नाही. शिवाय तिच्या पेशी पुसण्या-लिहिण्याने झिजतात. म्हणून तिच्यावर जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करण्यात फायदा तर नाहीच, उलट झीज आहे. तिला हवी असते ‘ट्रिम’ नावाची सूचना, आणि ती विंडोज ७ पासून यंत्रणा स्वतः देते.

रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामची कथाही अशीच. विंडोज ९५च्या काळात मेमरी तुटपुंजी होती, तेव्हा अशा साफसफाईवर लोकांचा विश्वास बसला. आज त्यातून जाणवण्याइतका वेग मिळत नाही, चुकीची नोंद उडाली तर यंत्र चालू व्हायचं थांबू शकतं, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टचा अशा साधनांना पाठिंबा नाही. तरी “तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले” अशी पाटी पडद्यावर झळकते आणि निवृत्तिवेतनातले पैसे जातात. ज्याला यादीतल्या कामाचं कारण माहीत नसतं, त्याला कुणीही नवं काम विकू शकतो.

आता उलट बाजू. काही कामं जुन्या यादीत नव्हती, ती आज सर्वांत वर आहेत. १९८६ साली लाहोरमधून ‘ब्रेन’ हा विषाणू निघाला. तो फ्लॉपीवरून पसरायचा, म्हणजे माणसाच्या खिशातून, माणसाच्या चालीने. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला तो नेटवर्कवरून, आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांत पोचला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. दुःखाची गोष्ट अशी, की विंडोजमधलं ते भगदाड बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. दारूगोळा पोचला होता, पण मोर्च्यापर्यंत कुणी नेलाच नाही. ‘अपडेट नंतर करू’ या बटणाची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरातलं यंत्र अजून त्यावर असेल, तर मुलांना किंवा जाणकाराला विचारून निर्णय घ्या.

आणि शेवटचं काम, जे एनिॲकपासून आजवर एकाही यंत्राने अनावश्यक केलं नाही: नक्कल ठेवणं. तबकडी घासून जाते. एसएसडी अनेकदा पूर्वसूचना न देता थांबते. यंत्र बाजारात नवं मिळतं, पण आईचा आवाज असलेली ध्वनिफीत आणि नातवाचं बारसं बाजारात मिळत नाही. छायाचित्रकारांमध्ये रूढ झालेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पुण्यातल्या घरी एक डिस्क आणि बंगळुरूला मुलीकडे दुसरी, एवढंही पुरे.

तर आजची परेड अशी. अपडेट आलं की त्याच आठवड्यात करणं. महिन्यातून एकदा नक्कल घेणं, आणि तिच्यातली एखादी फाइल उघडून बघणं, कारण न तपासलेली नक्कल म्हणजे न उडवलेली बंदूक. तीन-चार महिन्यांनी यंत्र बंद करून, प्लग काढून झरोक्यांतली धूळ मऊ ब्रशने झाडणं. डिस्कवर थोडी जागा मोकळी राखणं आणि न लागणारे प्रोग्राम काढणं. एक वही ठेवा, त्यात तारीख घालून नोंद करा. डीफ्रॅग आणि क्लीनर यादीतून खोडा. त्यांनी आपली नोकरी प्रामाणिकपणे केली, आता ते निवृत्त झालेत.

कुणी नवं काम सुचवलं, तर एकच प्रश्न विचारा: हे यंत्राच्या कोणत्या दुबळेपणासाठी आहे, आणि तो माझ्या यंत्रात आहे का? उत्तर मिळालं नाही, तर पाकीट उघडू नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.