ओसामू तेझुका यांची बुद्धकथा

सिद्धार्थाच्या जन्माआधी एका दासपुत्राची कहाणी सांगणारी बुद्धकथा आपल्या वाचकांस परिचित असणे अगत्याचे आहे. तिचे कर्ते ओसामू तेझुका (१९२८-१९८९) हे जपानी चित्रकथाकार होत. जपानात चित्रकथेस ‘मंगा’ म्हणतात व ती थोरांसाठीही असते. ओसाका विद्यापीठात वैद्यक शिकलेल्या तेझुकांनी दवाखाना न थाटता कुंचला हाती धरला. १९५२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या यंत्रबालकाच्या कथेने त्यांची कीर्ती पसरली. ‘बुद्ध’ ही चित्रकथा १९७२ ते १९८३ या काळात मासिकातून क्रमशः आली. तिचे चौदा खंड झाले. २००३ पासून ती इंग्रजीतही उपलब्ध झाली.

आरंभी कोसल देशातील चाप्रा हा शूद्र मुलगा भेटतो. सेनापतीचे प्राण वाचवून तो त्याचा दत्तकपुत्र होतो, योद्धा म्हणून नावाजतो. परंतु दासी असलेल्या मातेमुळे त्याचा जन्म उघड होतो. मग पराक्रमास किंमत उरत नाही. मायलेकरांचा अंत होतो. त्याचा सोबती तत्ता हा अस्पृश्य मुलगा मात्र पुढे दीर्घकाळ कथेत वावरतो.

ही नावे त्रिपिटकात नाहीत. तेवढ्यावरून पालीच्या अभ्यासकाने पुस्तक मिटून ठेवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. धम्मपद-अट्ठकथेतील विडूडभाची कथा पाहावी. शाक्यांनी पसेनदी राजास राजकन्या म्हणून दिलेली वासभखत्तिया ही वस्तुतः महानाम शाक्याची दासीपासून झालेली कन्या. तिचा पुत्र विडूडभ कपिलवस्तूस आला असता त्याने वापरलेले आसन दूधपाण्याने धुतले गेले; त्या अपमानाच्या सूडात शाक्यांचा संहार झाला. तेझुकांनी विडूडभासही कथेत घेतले आहे. सुत्तनिपातातील वसलसुत्त आणि थेरगाथेतील केर उचलणारा सुनीत ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना चाप्रा परका वाटणार नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. येथे ब्रह्मा वृद्धाच्या रूपाने वारंवार येऊन सिद्धार्थास मार्ग दाखवतो. अरियपरियेसनसुत्तात ब्रह्मा सहंपती येतो तो बोधीनंतर, आणि तोही धम्मदेशनेची याचना करण्यास. दुसरे असे की, तेझुकांच्या सिद्धार्थास जातीचा चटका बसतो तो मिगैला या शूद्र मुलीवरील प्रेमातून. तिचे डोळे शिक्षा म्हणून नष्ट केले जातात. प्रसंग हृदयद्रावक आहे, यात शंका नाही. परंतु १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वृद्ध-रोगी-प्रेत दर्शनाची कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत उद्भवलेला संघर्ष गृहत्यागाच्या मुळाशी मानला. शाक्यसंघाच्या सभेत बहुमताविरुद्ध एकाकी उभा राहणारा तो सिद्धार्थ तेझुकांकडे नाही.

मराठी चित्रकार दिलीप कदम यांनी १९७९ साली ‘अमर चित्र कथा’ मालिकेत बाबासाहेबांचे चरित्र रेखाटले. त्या मालिकेची मर्यादा मात्र बत्तीस पानांची. परभणी जिल्ह्यातील विहारांत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, तेव्हा मागील रांगेत मुलेही बसलेली असतात. त्यांच्यासाठी रोहिणीच्या सभेचा प्रसंग चित्रित करावयास चौदा खंड नकोत. एक जाणता चित्रकार आणि शंभर पाने पुरतील.