फाइल परत येते, परवानगी कुठे राहते?

प्रस्तावना

सिंदेवाहीचे वनपरिक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागात मोडते. वाघाचा वावर इथे शेताच्या धुऱ्यापर्यंत आहे, त्यामुळे कॅमेरा ट्रॅप हा शब्द आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. समजा, अशा छायाचित्रांचा एक फोल्डर आहे आणि त्यात कोणता कॅमेरा कोणत्या अक्षांश-रेखांशावर लावला याचा तक्ता आहे. पिलांसह वाघीण कोणत्या नाल्यावर येते, हे त्या तक्त्यावरून शिकाऱ्यालाही कळेल. म्हणून फोल्डरवर परवानग्या लावलेल्या आहेत आणि तो दोघातिघांनाच उघडतो. मग एखादा दक्ष माणूस त्याचा पेनड्राइव्हवर बॅकअप घेतो. छायाचित्रे आणि तक्ते बिनचूक उतरतात. परवानगी तेवढी उतरत नाही, आणि ती उतरली नाही असा संदेशही सहसा कोणी देत नाही.

हे पुस्तक त्या न उतरलेल्या गोष्टीबद्दल आहे.

परवानगी फाइलच्या आत नसते, हे आधी मनात पक्के करावे. जमीन गावात असते आणि मालकाचे नाव तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर असते. तसेच इथेही आहे. फाइलचा मजकूर डिस्कवर एका जागी असतो, तर तिचा मालक कोण, वाचायचे कोणी, बदलायचे कोणी, ही नोंद फाइल सिस्टीम आपल्या दप्तरात ठेवते. नक्कल करणारा प्रोग्राम मजकूर उचलतो. दप्तरातली नोंद त्याने उचलली तरी समोरच्या गावात दप्तर हवे, आणि ते त्याच लिपीत लिहिलेले हवे. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, आणि तिथे असे दप्तरच नाही. फॅटचा जन्म १९७७चा, एकट्याने वापरायच्या संगणकांच्या काळातला. ‘फक्त वाचण्यासाठी’, ‘लपवलेली’ अशा मोजक्या खुणांपलीकडे तिला काही ठाऊक नाही. एक्सफॅट २००६मध्ये आली, पण मालक नावाची कल्पना तिनेही घेतली नाही. अशी पेनड्राइव्ह लिनक्सला जोडली, की सगळ्या फाइली एकाच मालकाच्या आणि एकाच परवानगीच्या दिसतात. ती परवानगी तिथे लिहिलेली नसते; जोडताना लिनक्सने अंदाजाने लावलेली असते.

जिथे दप्तर आहे तिथेही भाषा वेगवेगळ्या आहेत. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समध्ये नऊ खुणा ठरल्या: मालक, गट आणि बाकीचे, या प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे. पन्नास वर्षांनंतरही लिनक्सवर ७५५ किंवा ६४४ असे आकडे दिसतात ते याच नऊ खुणांचे. विंडोज एनटीबरोबर १९९३मध्ये आलेल्या एनटीएफएसने निराळी वाट धरली. तिथे प्रत्येक फाइलला हवी तेवढी लांब यादी जोडता येते: या माणसाला हे करू द्या, त्या गटाला ते करू देऊ नका, आणि वरच्या फोल्डरचा नियम खाली लागू करा. मॅकवर अशा याद्या २००५च्या आवृत्तीत आल्या. त्या आवृत्तीचे नाव ‘टायगर’ होते, हे आमच्या भागात सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका भाषेतून दुसरीत जाताना नेमके काय सांडते, ते एका उदाहरणात पाहू. ग्रामसभेच्या तेंदूपत्त्याच्या हिशेबाचा फोल्डर घेऊ. मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेव्हापासून आमच्या भागात असे हिशेब स्वतः ठेवणाऱ्या ग्रामसभा वाढत गेल्या, म्हणून हे उदाहरण अगदीच पुस्तकी नाही. हिशेब लिहिणाऱ्याला फाइल वाचता यावी, त्यात भर घालता यावी, पण पुसून टाकता येऊ नये, असे ठरले. विंडोजमध्ये पुसण्याचा हक्क स्वतंत्र आहे, त्यामुळे हे जमते. युनिक्सच्या नऊ खुणांत पुसण्याची खूणच नाही. फाइल पुसता येईल की नाही, हे ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरवरच्या लिहिण्याच्या परवानगीवरून ठरते. ज्याला फाइल वाचताही येत नाही, तोसुद्धा फोल्डरवर लिहू शकत असेल तर ती उडवू शकतो. (यावर ‘स्टिकी बिट’ नावाचा एक उतारा आहे, त्याच्या मर्यादा पाचव्या प्रकरणात आहेत.) म्हणजे विंडोजवरचा हा साधा नियम लिनक्सच्या नऊ खुणांत नेला की एकतर सैल होतो किंवा जाचक होतो. जसाच्या तसा राहात नाही.

माझ्या मते मात्र ‘काय करता येईल’ हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. खरी अडचण ‘कोणाला’ या प्रश्नाशी आहे. लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. पुष्कळ यंत्रांवर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा आकडा मिळतो. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवला, तर तिथला १००० कोणी भलताच असतो आणि सगळी मिळकत निमूटपणे त्याच्या नावे चढते. विंडोज ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक वापरते, म्हणून तिथे अशी गल्लत होत नाही. तिथे उलटे घडते. विंडोज नव्याने टाकले, खात्याला तेच जुने नाव दिले, तरी क्रमांक नवा पडतो. मग स्वतःच्याच फाइलीवर ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर येते आणि मालकाच्या जागी एक अनोळखी क्रमांक दिसतो.

साधनांची ओळख पुढे सविस्तर आहेच. एवढे इथेच सांगतो, की ‘सगळे जतन करतो’ असे कोणतेही साधन म्हणाले, तर ‘सगळे’ म्हणजे काय ते विचारावे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरसिंकचा ‘ए’ हा पर्याय नऊ खुणा, गट, वेळा जपतो. मालक मात्र रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, म्हणून चालवले तरच जपतो, आणि परवानग्यांच्या लांब याद्यांसाठी मोठा ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. विंडोजचे रोबोकॉपी काही न सांगता चालवले, तर मजकूर, खुणा आणि वेळा नेते. सुरक्षेची माहिती मागितल्याखेरीज नेत नाही. एनटीएफएसवर साधी नक्कल केलेली फाइल तर नव्या फोल्डरचे नियम धारण करते. म्हणून लिनक्सच्या फाइली एक्सफॅटवर न्यायच्याच असतील, तर आधी टारमध्ये बांधाव्यात, म्हणजे नोंदी गाठोड्याच्या आत राहतात. त्याखेरीज ‘गेटएफएसीएल’ किंवा ‘आयकॅकल्स’ने परवानग्यांची यादी साध्या मजकुरात काढून बॅकअपसोबत ठेवावी. ही यादी माणसालाही वाचता येते, हा तिचा मोठा गुण.

एक आडवळण मराठीचे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावे फोडून ठेवत असे. तिथून लिनक्सवर बॅकअप घेतला, की डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे शेजारीशेजारी उभी राहतात, आणि परवानग्या परत लावणाऱ्या यादीला त्यातले एकच सापडते. इंग्रजी ग्रंथांत ‘ऱ’ची उदाहरणे मिळायची नाहीत, म्हणून इथे त्यावर थोडी जास्त पाने खर्ची घातली आहेत.

परवानगी जपली म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असे हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. परवानगी पाळणारी ती ऑपरेटिंग सिस्टीम. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून बसले, की मालकी आपल्याकडे घेता येते. कपाटातून बाहेर जाऊ शकणाऱ्या बॅकअपला कूटबद्धतेचे कुलूप हवेच. परवानगी उपयोगी पडते ती फाइली परत आणल्यावर, रोजच्या कामात. काही प्रोग्राम तर परवानगी सैल झालेली दिसली की कामच नाकारतात. ओपनएसएसएचची खाजगी किल्ली सर्वांना वाचता येईल अशी परत आली, तर ती वापरलीच जात नाही.

वाचकाला प्रोग्रामिंग यावे अशी अट नाही. ग्रामपंचायतीचा संगणक सांभाळणारा, शाळेतल्या लॅबचा शिक्षक, एखाद्या संशोधन केंद्रातला तंत्रसहायक, या सगळ्यांनी हे वाचावे. पहिली तीन प्रकरणे क्रमाने घ्यावीत. ज्याच्यापुढे आज बिघडलेले यंत्र आहे त्याने थेट सातव्यावर जावे. मात्र तिथले प्रयोग मूळ फाइलींवर न करता रिकाम्या फोल्डरवर, दोन खोटी खाती तयार करून करावेत. फाइली परत आणल्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून तपासू नये, कारण त्याच्यासाठी बहुतेक दारे उघडीच असतात. ज्याला फाइल दिसू नये, त्याच्या खात्यातून आत शिरून ती उघडून पाहावी.