काळोखातील अचूक शिकार

प्राण्याच्या वर्तनामागे मेंदूतील नेमकी कोणती प्रक्रिया असते, याचा उलगडा गव्हाणी घुबडाच्या अभ्यासातून विशेष स्पष्टपणे झाला आहे. मिट्ट काळोखातही हे घुबड केवळ खसफस ऐकून उंदीर टिपते. उजवीकडचा आवाज त्याच्या उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ आधी पोहोचतो. या फरकावरून आवाजाची डावी-उजवी दिशा ठरते. दोन्ही कान समान उंचीवर नसल्याने आवाजाच्या तीव्रतेत पडणाऱ्या फरकावरून तो वरून आला की खालून, हे कळते.

मेंदूतील स्वतंत्र केंद्रे हे दोन्ही फरक मोजतात आणि मध्यमेंदूत त्यांचा मेळ बसतो. तेथील ठराविक चेतापेशी ठराविक दिशेच्या आवाजालाच प्रतिसाद देतात, असे मासाकाझु कोनिशी व एरिक नूडसन यांनी 1978 मध्ये दाखवले. शेजारच्या पेशी शेजारच्या दिशा टिपतात. अशा प्रकारे मेंदूत परिसराचा जणू नकाशाच तयार होतो. हा नकाशा दृष्टीच्या नकाशाशी जोडलेला असतो. त्या भागातील एखाद्या बिंदूला सौम्य विद्युत-उद्दीपन दिले, की आवाज नसतानाही घुबड त्या बिंदूशी निगडित दिशेला मान वळवते.

हा नकाशा सर्वस्वी जन्मजात मात्र नसतो. दृश्य बाजूला सरकवणारी लोलकांची भिंगे लावलेल्या पिलांमध्ये काही आठवड्यांत आवाजाचा नकाशाही सरकला. प्रौढ घुबडांत हा बदल फारच थोडा झाला. वर्तनाला मेंदूची रचना आकार देते, तसा त्या रचनेला कोवळ्या वयातील अनुभव आकार देतो.