गवताची लव

गॉल्फच्या खळीभोंवतालची बारीक हिरवळ, जिला 'ग्रीन' म्हणतात, ती पाहून कोणासही मखमलीची आठवण व्हावी. श्रोतेहो, ही उपमा केवळ कविकल्पना नव्हे. तिला इतिहासाचा आधार आहे.

इंग्लंडांत स्ट्राउडच्या परिसरांत लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तेथें कापडाची लव वाळक्या कांटेरी बोंडांनीं विंचरून उभी करीत आणि मग फिरत्या पात्यांनीं सारखी कातरीत. तें कातरयंत्र पाहून एडविन बडिंग यांस हिरवळ कातरण्याची युक्ति सुचली; १८३० सालीं त्यांनीं पेटंट घेतलें. तोंवर स्कॉटलंडच्या सागरकांठच्या मैदानांवर हें काम मेंढ्या व ससे करीत, तेंही बिनपगारी!

बडिंग यांनीं कातरणें उचललें. विंचरणें गिरणींतच राहिलें. त्याची उणीव ग्रीनवर भासते. आडवें पडलेलें पातें यंत्राखालून निसटतें, आणि एकाच दिशेला निजलेलें गवत चेंडूची वाट वांकडी करतें. म्हणून कापण्यापूर्वीं ब्रश फिरवून गवत उभें करावयाचें. दंव आणि गांडुळांची मातीही त्यानें विखुरते.

१९३५ सालीं अमेरिकेंत ओकमाँटच्या ग्रीन अवाजवी वेगवान वाटल्यावरून एडवर्ड स्टिम्पसन यांनीं एक लांकडी पन्हळ बनविली. तिच्यावरून सोडलेला चेंडू किती लांब जातो, तें मोजावयाचें. अतिवेग उघड करण्यासाठीं काढलेलें हें माप पुढें वेगाच्या हव्यासालाच उपयोगी पडलें. पण कडक उन्हांत ब्रश जोरानें फिरविला, तर पातीं फाटतात आणि हिरवळ पिवळी पडते. तो किती खालीं टेकवावा, हें माळ्याला हवा पाहून रोज सकाळीं नव्यानें ठरवावें लागतें.