दुसऱ्या कॉलेजचे दार



खेळात चमकणारी मुलगी पुढल्या कॉलेजात जायचे म्हणाली, की घरात दोन प्रश्न निघतात. एक, धावून मिळणार काय? आणि दुसरा, पोरगी राहणार कुठे? पहिल्याचे उत्तर द्यायला वर्षे लागतात. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याच आठवड्यात हवे असते, आणि ते मिळाले नाही तर पहिले मिळतच नाही. इतिहास याला साक्ष आहे.

आपले नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑल्बनी या गावी, ॲलिस कोचमन ही कृष्णवर्णीय मुलगी जन्मली. तिकडे त्या काळी काळ्या मुलांची शाळा वेगळी, मैदान वेगळे. आपल्याकडे पाणवठे वेगळे होते, तसेच म्हणा ना! गोऱ्यांच्या मैदानावर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून ही पोर मातीच्या रस्त्यावर अनवाणी धावे आणि दोरी बांधून उंच उड्या मारी. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. शाळेतल्या बाई मात्र तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

पुढे शेजारच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी संस्थेने तिला बोलावले. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८८१ साली निघालेली ही संस्था. शिष्यवृत्ती मिळाली, पण कामाच्या बदल्यात: व्यायामशाळेची झाडलोट करायची, खेळाडूंचे फाटके कपडे शिवायचे. १९४६ साली शिवणकामाचा अभ्यासक्रम पुरा करून ती आपल्या गावच्या ऑल्बनी स्टेट कॉलेजात दाखल झाली. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली होती. अखेर १९४८ साली लंडनला तिने १.६८ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक जिंकले. ते मिळवणारी ती जगातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

आणि गावी काय झाले? सत्कार झाला, पण सभागृहात गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. महापौराने तिच्याशी हात मिळवला नाही. १९४९ साली तिने पदवी घेतली आणि शिक्षिका झाली. पदक मिळूनही मान अपुराच राहिला. पदवीने मात्र तिला पायावर उभे केले. कॉलेज बदलताना तिचे शिक्षण तुटले नाही, हे त्यातले मर्म.

आता आपल्याकडे या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत ही आदिवासी मुलगी. पाड्यावर धावण्याचा दम होता, पण प्रशिक्षणासाठी तिला नाशिक गाठावे लागले. तिथे विजेंद्र सिंग यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले, तेव्हा २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून तिने कांस्यपदक आणले, आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य.

सावनेरच्या आसपासही संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्यांच्या, कोळसा खाणीत राबणाऱ्यांच्या मुली आहेत. नागपूर फार दूर नाही, म्हणून 'रोज एसटीने जाईल' असे आपण सहज म्हणतो. पण सराव असतो पहाटे आणि संध्याकाळी, वर्ग असतात मधल्या वेळी. रोजच्या येण्याजाण्यात एक तर सराव सुटतो, नाही तर अभ्यास. म्हणून वसतिगृह हीच खरी किल्ली.

मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली अनुसूचित जातींकरिता सुरू झाली. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. पण योजना कागदावर असते, आणि तो कागद मुलीच्या हाती द्यायला कुणीतरी लागतो. ते कुणीतरी म्हणजे आपणच, गुरुजी!

तेव्हा मुलगी कॉलेज बदलणार असेल, तर टी.सी., मायग्रेशन आणि जातीचा दाखला आधी हाती घ्या. विद्यापीठांच्या स्पर्धांना पात्रतेचे नियम असतात. कॉलेज बदलल्यावर तिला खेळता येईल का, हे दोन्ही ठिकाणच्या क्रीडा विभागांना लेखी विचारा. वसतिगृहाची जागा पक्की करा. आणि 'आमची चांगली खेळाडू चालली' म्हणून तिचे कागद अडवून धरू नका. तिचे एक वर्ष वाया गेले, तर घरचे लोक तिला दुसरे वर्ष देतीलच असे नाही.